पीए२-पीए३ ला एएफ७ दिलं, तरी न्यूक्लिओवर जीपीएस गप्प का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्लू पिलवर, म्हणजे एसटीएम३२एफ१०३ वर, जीपीएस मॉड्यूल व्यवस्थित चालत होतं. आता न्यूक्लिओ-एफ४०१आरई हा एफ४ मालिकेच्या चिपचा बोर्ड आणला, यूएसएआरटी२ (चिपमधला सिरियल पोर्ट) निवडला, तारा बोर्डावरच्या डी० आणि डी१ या खोबणींना लावल्या. क्यूबएमएक्स या पिनांची मांडणी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पीए२ आणि पीए३ हिरव्या दिसतात, पण इनिटचं, म्हणजे सुरुवातीची मांडणी करणारं, फंक्शन मात्र जुन्या प्रोजेक्टमधून उचललेलं आहे आणि त्यात दोन्ही पिनांना एएफ७, म्हणजे अल्टरनेट फंक्शन ७, लिहिलंय. कोड एकही वॉर्निंग न देता कंपाइल होतो, पण जीपीएसकडून एक अक्षर येत नाही. पुढे याच बोर्डावर ओएलईडी आणि एसडी कार्डही लावायचं आहे, तेव्हा पिनांचं अल्टरनेट फंक्शन, म्हणजे कोणती पिन चिपमधल्या कोणत्या पेरिफेरलला (यूएसएआरटीसारख्या आतल्या भागाला) जोडायची हे, मुळात ठरवायचं कसं?

तुम्हाला वाटतंय की एएफचा आकडा चुकला असावा. आकडा बरोबर आहे. एफ४०१ वर पीए२ आणि पीए३ दोन्हींसाठी यूएसएआरटी२ म्हणजे एएफ७ च. तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष एकाच वेळी आहेत, एक कोडात आणि एक बोर्डावर, आणि ते एकमेकांना झाकतात. कोड सुधारला तरी अक्षर येणार नाही, तारा हलवल्या तरी येणार नाही. म्हणूनच तुम्ही जे जे करून पाहिलं ते सगळं फुकट गेल्यासारखं वाटलं. दोन्ही एकदम सुधारावे लागतील.

आधी कोड. तुम्ही दिलेल्या तुकड्यात टीएक्सच्या (पाठवायच्या) पिनेचा मोड अल्टरनेट पुश-पुल आहे, तो ठीक. आरएक्सच्या (घ्यायच्या) पिनेचा मोड मात्र साधा इनपुट ठेवलाय. एफ१०३ वर हेच बरोबर होतं, म्हणून ते डोळ्यांना खटकत नाही. त्या जुन्या चिपमध्ये आरएक्सची पिन इनपुट म्हणून ठेवायची असते आणि पेरिफेरल ती आपोआप वाचतो. एफ४ मध्ये तसं नाही.

एफ४ मधल्या प्रत्येक पिनेमागे रेल्वेच्या रुळांसारखा सांधा आहे असं समजा. मोडर रजिस्टरमध्ये प्रत्येक पिनेला दोन बिट मिळतात: ०० इनपुट, ०१ आउटपुट, १० अल्टरनेट, ११ ॲनालॉग. इथे १० असेल तरच गाडी सांध्याकडे वळते. मग ती सोळांपैकी कोणत्या फाट्यावर जायची हे एएफआर रजिस्टरातले चार बिट ठरवतात, एएफ० ते एएफ१५. मोड ०० ठेवला तर एएफआरमध्ये सात लिहा नाहीतर सत्तावीस, गाडी सांध्यापर्यंत पोचतच नाही. त्यात हॅल या चिपच्या कंपनीनेच दिलेल्या लायब्ररीचं वागणं असं की मोड अल्टरनेट नसेल तर स्ट्रक्चरमधलं अल्टरनेट हे फील्ड ती बघतही नाही आणि तक्रारही करत नाही. तुम्ही भरलेला सात कुठेच लिहिला गेला नाही. आरएक्सचा मोडही अल्टरनेट पुश-पुल करा आणि पुल-अप लावा, म्हणजे तार सुटली तर पिन हवेत तरंगणार नाही. पुश-पुल हे नाव इनपुटसाठी विचित्र वाटतं, पण पिनेवर काही ढकलायचं की नाही हे पेरिफेरल स्वतः सांभाळतो.

एफ१ आणि एफ४ यांच्यातला हा फरक नीट समजून घेतलात तर पुढचा बराच त्रास वाचेल. एफ१०३ मध्ये पिनवार आकडा नसतोच. तिथे एएफआयओ नावाचा वेगळा ब्लॉक आहे आणि त्यातला रिमॅप बिट पिनांचा अख्खा गट उचलून दुसरीकडे नेतो. यूएसएआरटी१ एकतर पीए९-पीए१० वर, नाहीतर पीबी६-पीबी७ वर. टीएक्स इथे आणि आरएक्स तिथे, असं करता येत नाही. एफ४ मध्ये मात्र टीएक्स पीए९ वर आणि आरएक्स पीबी७ वर ठेवलात तरी कुणाची हरकत नाही. ही सोय मोठी आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की चूक करायलाही तेवढीच मोकळीक मिळते. एकच आरएक्स दोन पिनांवर जोडलात तर हार्डवेअर अडवत नाही.

आता आकड्याचा स्रोत. नवख्या माणसाचा बहुतेक वेळ इथे जातो, कारण तो रेफरन्स मॅन्युअल उघडून बसतो. त्यात सांध्याची रचना आणि रजिस्टरं आहेत, पण 'या पिनेवर हा आकडा' हे टेबल डेटाशीटमध्ये असतं, आणि तेही तुमच्या नेमक्या चिपच्या डेटाशीटमध्ये. मॅन्युअलमधल्या आकृतीत एएफ४ समोर आयटूसी, एएफ५ समोर एसपीआय, एएफ७ समोर यूएसएआरटी असं लिहिलेलं दिसतं आणि माणूस समजतो की आकडा पेरिफेरलचा आहे. साधारणपणे तसं चालून जातं, आणि म्हणूनच जिथे चालत नाही तिथे माणूस तासन्‌तास अडकतो. एफ४०१ वरचा आयटूसी२ बघा. त्याची क्लॉकची ओळ पीबी१० वर एएफ४ ने मिळते, पण डेटाची ओळ पीबी३ वर एएफ९ ने. पेरिफेरल एक, ओळी दोन, आकडे वेगवेगळे. एफ४०५ वर हाच आयटूसी२ पीबी१० आणि पीबी११ वर दोन्हीकडे एएफ४ ने येतो. इंटरनेटवरून एफ४०५ चा कोड उचलून एफ४०१ वर लावणारे इथेच आपटतात, कारण एफ४०१ च्या ६४ पायांच्या पॅकेजमध्ये पीबी११ बाहेर आलेलीच नाही. म्हणून मी आकडा पाठ करत नाही, दरवेळी टेबलात बघतो: चिप, मग पिन, मग स्तंभ.

आता दुसरा दोष, बोर्डाचा. चिपची पिन आणि बोर्डावरची खोबण एकच असं आपण गृहीत धरतो. न्यूक्लिओ-६४ वर पीए२ आणि पीए३ या दोन्ही ओळी मूळ अवस्थेत बोर्डावरच्याच एसटी-लिंक या प्रोग्रामर-डीबगरकडे गेलेल्या असतात, म्हणजे यूएसबीतून पीसीवर जो आभासी कॉम पोर्ट दिसतो तिकडे. हे जोडकाम एसबी१३ आणि एसबी१४ या सोल्डर ब्रिजमधून, म्हणजे सोल्डरने जोडता-तोडता येणाऱ्या जागांमधून, होतं. डी० आणि डी१ च्या खोबणींकडे जाणारे ब्रिज एसबी६२ आणि एसबी६३, आणि ते कारखान्यातून येतात तेव्हा उघडे असतात. थोडक्यात, तुम्ही जीपीएसची तार ज्या खोबणीत खुपसली आहे ती कुठेच जोडलेली नाही. अर्डुइनोच्या सवयीने डी०-डी१ म्हणजे सिरियल हे हाताला पक्कं झालेलं असतं, त्यामुळे इथे शंका येत नाही.

मग मॉर्फो हेडरवरच्या, म्हणजे बोर्डाच्या कडांवरच्या पिनांच्या लांब रांगांतल्या, पीए३ वर तार लावली तर? लावू नका. तिथे ओळ पोचते, पण त्याच ओळीवर एसटी-लिंकचा टीएक्सही बसलेला आहे. जीपीएस ओळ खाली ओढायला बघणार, एसटी-लिंक ती वर धरून ठेवणार. कधी अर्धवट अक्षरं येतील, कधी काहीच नाही, आणि दोन आउटपुट एकमेकांशी झुंजत राहतील. एसबी१३-१४ काढून एसबी६२-६३ टाकणं हा कागदोपत्री बरोबर मार्ग आहे, पण मग पीसीवर प्रिंट करून बघायची सोय जाते. विकासाच्या काळात ती सोय सोडून देणं मला तरी परवडत नाही.

त्यापेक्षा यूएसएआरटी२ पीसीसाठी राहू द्या आणि जीपीएस यूएसएआरटी१ वर न्या. पीए९ म्हणजे टीएक्स, ती बोर्डावर डी८ ला आहे. पीए१० म्हणजे आरएक्स, ती डी२ ला आहे. दोन्हींना एएफ७. जीपीएसचा टीएक्स डी२ ला, जीपीएसचा आरएक्स डी८ ला. एफ४०१ मध्ये यूएसएआरटी तीनच आहेत, १, २ आणि ६, त्यामुळे यूएसएआरटी३ शोधत बसू नका. सहावा लागलाच तर तो पीसी६-पीसी७ वर एएफ८ ने मिळतो, सातने नाही.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही हॅल वापरताय म्हणून बॉड रेट (सिरियलचा वेग) साधायचा भागाकार ती स्वतः काढेल. पण कोणी थेट रजिस्टरं लिहीत असेल तर यूएसएआरटी२ चिपच्या आतल्या एपीबी१ बसवर आणि यूएसएआरटी१ एपीबी२ बसवर आहे हे विसरू नये. ८४ मेगाहर्ट्झवर चालवताना एपीबी१ ची मर्यादा ४२ आहे, म्हणजे तोच भागाकार इकडून तिकडे नेला तर वेग दुप्पट होतो. तसंच क्रिस्टलचं. ब्लू पिलवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. एफ४ च्या हॅल कॉन्फिगच्या मूळ नमुन्यात एचएसई व्हॅल्यू, म्हणजे बाहेरच्या क्लॉकचा वेग, २५ मेगाहर्ट्झ लिहिलेली असते, आणि न्यूक्लिओला बाहेरचा क्लॉक मिळतो तो एसटी-लिंककडून, ८ मेगाहर्ट्झचा, तोही बायपास मोडमध्ये घ्यावा लागतो. बोर्डाच्या अगदी जुन्या आवृत्तीत ही जोडणीही नसते. अशा वेळी अंतर्गत १६ मेगाहर्ट्झच्या एचएसआयवर सुरुवात करावी, जीपीएसच्या ९६०० बॉडला तो पुरतो. एक खूण लक्षात ठेवा: कचरा अक्षरं येत असतील तर बहुधा पिना बरोबर आहेत आणि दोष क्लॉकमध्ये आहे. पूर्ण शांतता असेल तर पिना, तारा किंवा पेरिफेरलचा क्लॉक बघा.

आता जुन्या प्रोजेक्टमधून उचलण्याबद्दल, कारण तुमच्या पुढच्या दोन पेरिफेरलनाही हेच होणार आहे. क्यूबएमएक्स पेरिफेरलची मांडणी मेन फाइलमध्ये करतो, पण पिनांची मांडणी एमएसपी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. लोक मेनमधलं यूएआरटी इनिटचं फंक्शन उचलतात आणि एमएसपी विसरतात. मग हॅल स्वतःचं रिकामं, वीक म्हणून ठेवलेलं एमएसपी फंक्शन हाक मारते, इनिट 'ओके' परत देतं, आणि पिना रिसेटनंतर जशा होत्या तशाच राहतात. हे 'ओके' फार फसवं आहे. ते फंक्शन शेवटपर्यंत चाललं एवढंच सांगतं, पिनेवर सिग्नल निघाला की नाही याबद्दल काही सांगत नाही. शिवाय एफ१ च्या हॅलमध्ये जीपीआयओच्या स्ट्रक्चरला अल्टरनेट हे फील्डच नाही, त्यामुळे तिकडचा कोड इकडे आणला की ते भरायचं राहून जातं. स्ट्रक्चर शून्याने सुरू केलं असेल तर पिन एएफ० वर जाते. केलं नसेल तर स्टॅकवर जे काही पडलं असेल त्यावर.

रजिस्टरं हाताने लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा सांगतो, कारण तुमच्या जुन्या कोडात 'ऑर-इक्वल' (|=, म्हणजे जुन्या बिटांत नवे मिसळणं) जागोजागी दिसतंय. रिसेटनंतर पहिल्यांदा ते चालतं कारण आधीचे बिट शून्य असतात. पीबी६ घ्या. तिच्यावर एएफ४ म्हणजे आयटूसी१ ची क्लॉक ओळ, एएफ७ म्हणजे यूएसएआरटी१ चा टीएक्स. आधी सात लिहिला असेल आणि नंतर नुसता चार 'ऑर' केला, तर सात आणि चार मिळून सातच राहतात. पिन यूएसएआरटीवरच आणि तुम्ही आयटूसी का चालत नाही म्हणून पुल-अप बदलत बसता. मोडरमध्ये तर आणखी मजा. पिन आधी आउटपुट, म्हणजे ०१, असेल आणि तिच्यावर १० 'ऑर' केलं तर ११ होतं, म्हणजे ॲनालॉग. आधी मास्क लावून ते बिट पुसा, मग लिहा. आठ ते पंधरा या पिनांचे एएफ बिट दुसऱ्या रजिस्टरात आहेत, त्यामुळे पीए९ साठी नऊ गुणिले चार नव्हे, एक गुणिले चार. छत्तीस जागा सरकवणं हे बत्तीस बिटांच्या संख्येत सी भाषेला मान्यच नाही, आणि कंपायलर दरवेळी ओरडेल याची खात्री नाही. क्रम म्हणाल तर आधी एएफआर, शेवटी मोडर. म्हणजे सांधा योग्य फाट्यावर बसल्यावरच पिन तिकडे जाते आणि मधल्या क्षणी भलतंच काही बाहेर पडत नाही.

या सगळ्याच्या आधी पोर्टचा क्लॉक. क्लॉक सांभाळणाऱ्या आरसीसी ब्लॉकमध्ये जीपीआयओए, म्हणजे पोर्ट ए, चालू नसेल तर त्याच्या रजिस्टरात लिहिलेलं सरळ हवेत जातं आणि परत वाचलं तर शून्य दिसतं. क्लॉक चालू केल्यावर लगेच पुढच्याच सूचनेत लिहू नये, दोनेक क्लॉक थांबावं लागतं. हॅलचे मॅक्रो रजिस्टर परत वाचून हा वेळ काढतात, हाताने लिहिताना तेवढं तुम्ही करा.

इथवरचं एका दमात: आरएक्सचा मोड अल्टरनेट, आकडा डेटाशीटच्या टेबलातून, जीपीएस डी८-डी२ वर, एमएसपी फाइल सोबत, आणि पोर्ट व पेरिफेरल दोघांचे क्लॉक चालू.

तरीही नाही चाललं तर मी कोड वाचत बसत नाही, मीटर काढतो. प्रथम पीए९ साधी आउटपुट करा, सेकंदाला एकदा वरखाली करा आणि डी८ च्या खोबणीत मीटर लावा. ० आणि ३.३ व्होल्ट दिसले की चिपपासून खोबणीपर्यंतचा रस्ता सिद्ध झाला. तुम्ही डी१ वर ही चाचणी केली असती तर बोर्डाचा दोष पाच मिनिटांत सापडला असता. मग पिन अल्टरनेटवर नेऊन टीएक्समधून सतत इंग्रजी कॅपिटल 'यू' पाठवा. त्याचा कोड हेक्समध्ये ५५, म्हणजे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून ओळीवर ०१०१०१०१०१ असं एकसारखं जातं. ९६०० बॉडला ही ४८०० हर्ट्झची चौकोनी लाट होते आणि साधा मीटर डीसीवर तिची सरासरी, सुमारे १.६५ व्होल्ट, दाखवतो. ३.३ वर स्थिर असेल तर यूएआरटी ओळ धरून आहे पण पाठवत नाही. ० किंवा डळमळता आकडा असेल तर बहुधा पिन यूएआरटीच्या हाती आलेलीच नाही. ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसाला ही युक्ती फार उपयोगी पडते. त्यानंतर जीपीएस बाजूला ठेवून डी८ आणि डी२ एका तारेने जोडा. पाठवलेलं परत आलं की आरएक्सही सुटला.

डीबगर असेल तर त्यातच मोडर आणि एएफआर उघडून बघा. शिवाय पिन अल्टरनेटमध्ये असतानाही इनपुटचं रजिस्टर, आयडीआर, वाचता येतं. जीपीएस बोलत असेल तर पीए१० चा बिट तिथे फडफडताना दिसतो, यूएआरटी चालू असो वा नसो. बिट फडफडतोय पण अक्षर नाही, म्हणजे तारा निर्दोष आणि दोष आत. आणि जीपीएसला आकाश दिसत नाही म्हणून ते गप्प आहे असं समजू नका. नेहमीचं निओ-६एम सारखं मॉड्यूल उपग्रह सापडले नसले तरी दर सेकंदाला रिकाम्या रकान्यांची वाक्यं पाठवतच असतं. टेबलावर बसूनही चाचणी होते.

ओएलईडी आणि एसडी कार्डचं. ओएलईडी आयटूसीचा असेल तर पीबी८-पीबी९, म्हणजे डी१५-डी१४, एएफ४, मोड अल्टरनेट ओपन-ड्रेन. पुश-पुल ठेवू नका, तो बसच्या स्वभावाविरुद्ध आहे. चिपच्या आतला पुल-अप सुमारे ४० किलोओहमचा असतो, आयटूसीसाठी तो फार कमजोर. मॉड्यूलवर ४.७ किंवा १० किलोओहमचे असतात का बघा, नसतील तर बाहेरून लावा. एसडी कार्डला एसपीआय१ पीए५, पीए६, पीए७ वर एएफ५ ने मिळेल, पण पीए५ वरच बोर्डाचा हिरवा एलईडी एलडी२ आहे. एसपीआय चालेल, फक्त एलईडी क्लॉकबरोबर मिणमिणत राहील. आणि कुठेतरी जुन्या कोडात 'एलईडी टॉगल' राहिलं असेल तर त्यापुढे ते निरुपयोगी, कारण पिन आता एसपीआयच्या ताब्यात आहे. हे नको असेल तर मॉर्फोवर पीबी१३, पीबी१४, पीबी१५ आहेत. तिथे एसपीआय२, आकडा तोच एएफ५. एसपीआय१ ची दुसरी जागा पीबी३ ते पीबी५ ही आहे, पण पीबी३ वरून डीबगरचा एसडब्ल्यूओ जातो, तेव्हा ती मी शेवटी वापरतो. क्यूबएमएक्समध्ये कंट्रोल धरून पिनेवर क्लिक केलंत की त्या सिग्नलच्या बाकीच्या जागा दिसतात, चार पेरिफेरलची जुळवाजुळव करताना ते बरं पडतं.

पीए१३ आणि पीए१४ ना मात्र हात लावू नका. त्या एसडब्ल्यूडीच्या, म्हणजे एसटी-लिंक चिपशी ज्यातून बोलतो त्या जोडणीच्या, आहेत आणि रिसेटनंतर आपोआप एएफ० वर असतात. वीज वाचवायची म्हणून लूप चालवून पोर्ट एच्या सगळ्या पिना ॲनालॉग करणारा कोड इंटरनेटवर बराच फिरतो. तो चालवला की पुढच्या वेळी एसटी-लिंक चिप सापडत नाही म्हणतो आणि लोक बोर्ड मेला समजतात. प्रोग्रामरमध्ये 'कनेक्ट अंडर रिसेट' निवडा, नाहीतर बूट० ही पिन ३.३ व्होल्टला जोडून रिसेट द्या. चिप तुमचा कोड न चालवता आतल्या बूटलोडरमध्ये जाते, एसडब्ल्यूडी पुन्हा दिसायला लागतं आणि फ्लॅश पुसता येतो.